कोंबड्यांचं खुराडं कसं बांधावं

(महिला शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या एका कार्यकर्त्या बहिणीने केलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलण्याची भाषा होता होईल तो तशीच ठेवली आहे. ज्या पाड्यावर वाचणारे थोडे असतील तिथे बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.)

 

बायांनो, भावांनो, सकाळी प्लॉटच्या दाव्याचं झालं. दंडाच्या पावत्या, पंचनामा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, सगळं ऐकलं. जेवताना दोघीजणी मला म्हणाल्या, "ताई, इथं जमिनीचं चाललंय आणि तू कोंबड्यांचं काय घेऊन बसलीस?" त्यांना मी म्हटलं, मला सांगा, मागच्या तारखेला तुम्ही तालुक्याला गेलात ते एसटीचं भाडं कुठून आणलंत? एक म्हणाली, कोंबडा विकला. दुसरी म्हणाली, अंडी विकली आणि थोडे उसने घेतले. मग झालं की. मी त्याचंच बोलणार आहे.

आपल्या घरात भात, नागली, वरई पिकते ती खायला. तीही होळीच्या पुढं जात नाही. मजुरीचा पैसा येतो तो बहुतेक नवऱ्याच्या हातात येतो, आणि त्यातला किती घरापर्यंत पोचतो ते मी सांगायला नको, भाऊ बसलेत समोर. (हशा) बाईच्या हातात जो पैसा असतो तो कोंबडीचा. पोरगं तापलं, वही पाहिजे, तेल संपलं, तारखेला जायचंय, की कोंबडी काढायची. देवाला कोंबडं लागतं, भगताला लागतं, पाहुणा आला तर लागतं. सावकाराच्या दारात उभं राहायचं नसेल तर बाईकडे चार पाखरं पाहिजेत. ती पाखरं एका रात्रीत गेली तर काय होतं, ते माझ्यावर आलंय, म्हणून सांगते.

भात झोडून झालं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे अकरा मोठी पाखरं होती. नऊ कोंबड्या, दोन कोंबडे. दाव्याची तारीख आठ दिवसांवर. आम्ही पाड्यावरचे सातजण जाणार होतो, त्यातल्या दोघांचं भाडं मी काढणार असं ठरलं होतं, कारण त्यांच्याकडे काहीच नव्हतं. शनिवारच्या बाजाराला दोन कोंबडे आणि तीन कोंबड्या न्यायच्या असं मी मनात धरलं होतं. गुरुवारी रात्री खुराड्याचं दार मी माझ्या हातानं लावलं. पहाटे कोंबडा आरवला नाही. मी म्हटलं, थंडी आहे. बाहेर येऊन दार उघडलं तर आत नऊ पाखरं मरून पडलेली. मानेला चावे. खाल्लेली एकच, तीही अर्धी. दोन कोंबड्या वरच्या कोपऱ्यात वाशाला चिकटून बसल्या होत्या, त्या वाचल्या.

मी तिथंच खाली बसले. सासू आली, तिनं बघितलं, काही बोलली नाही. नवरा म्हणाला, उदमांजर असेल, ते मारतोच मी. शेजारची म्हणाली, कुणीतरी केलं असेल, नजर लागली. पण आमच्या पाड्यावर एक म्हातारे काका आहेत, आयुष्यभर जंगलात फिरलेले. ते आले, खुराड्याभोवती दोनदा फिरले, मग वर हात घालून म्हणाले, "पोरी, दार तू लावलंस खरं, पण हे काय?" भिंतीचा कुड जिथं संपतो आणि छप्पर जिथं बसतं, तिथं मागच्या कोपऱ्यात चार बोटांची फट होती. चार बोटं. मी रोज तिथूनच आत डोकावायची, कोंबड्या बसल्यात का बघायला. मला ती फट सोयीची वाटायची.

जनावर तिथून आत आलं. आत आल्यावर पाखरं फडफडली, पळायला जागा नाही, आणि असं झालं की ते जनावर जे हललं त्याला चावत सुटतं. पोटासाठी एकच लागते, मारतं सगळी. रानात एक कोंबडी धरली तर बाकीच्या उडून जातात, तिथं असं होत नाही. खुराड्यात होतं, कारण आपणच त्यांना कोंडून ठेवलेलं असतं. म्हणून मी म्हणते, कच्चं खुराडं हे उघड्यापेक्षा वाईट. आंब्याच्या फांदीवर बसलेल्या कोंबडीला निदान उडता तरी येतं.

आता कोण कोण येतं ते बघू, कारण जसा चोर तशी कडी.

दिवसा येतं मुंगूस. ते अंडी खातं, पिलं नेतं, कधी मोठ्या कोंबडीलाही धरतं. फार बारीक भोकातून जातं, डोकं गेलं की अंग जातं. दिवसाच घार आणि शिकरा. घार उघड्यावरची पिलं उचलते, शिकरा झाडात दबा धरून बसतो. कावळाही कमी नाही. रात्री रानमांजर, उदमांजर, जवादी मांजर, कोल्हा. रानमांजर आणि कोल्हा खालून येतात. कोल्हा उकरतो, दार ढकलतो. उदमांजर वरून येतं, ते झाडावर राहणारं जनावर, छपरावर चढायला त्याला काही वाटत नाही. नळे असतील तर नळा सरकवतं, पेंढा-पाला असेल तर उसकटतं. घूस जमिनीखालून येते, अंडी आणि लहान पिलं ओढते. आणि साप. नाग, धामण अंड्यांना पिलांना येतात, अजगर मोठी कोंबडी गिळतो. साप गेला हे कसं ओळखायचं? अंडी गायब आणि टरफल नाही, पीस नाही. मुंगूस-घूस असेल तर टरफलं पडलेली सापडतात. कोल्ह्यानं नेली तर पिसांची वाट दिसते. सकाळी रडण्याआधी हे बघून घ्या. कुठून आलं ते कळलं तर दुसऱ्या रात्री तिथंच बंद करता येतं. कारण ते दुसऱ्या रात्री परत येतंच. माझ्याकडेही आलं होतं. उरलेल्या दोघी घरात डालग्याखाली होत्या म्हणून राहिल्या.

(एक बहीण : आम्ही तर घरातच ठेवतो डालग्याखाली. खुराडं कशाला?)

बरोबर आहे बाय. चार-पाच कोंबड्या असतील तर घरातच ठेव. डालगं पालथं घालायचं, वर दगड ठेवायचा. त्यापेक्षा पक्कं काही नाही. पण आठ-दहाच्या वर गेलं की घरात वास, पिसवा, उवा, पोरं त्याच घरात झोपतात. आणि डालग्याखाली कोंबड्या दाटीनं बसल्या की एकीचा रोग सगळ्यांना. मग खुराडं लागतं.

आता बांधणी. मी आम्ही बांधलं तसं सांगते. दहा-बारा कोंबड्यांना पाच फूट लांब, चार फूट रुंद पुष्कळ झालं. रात्री फक्त बसायचंच आहे. चार मेढी रोवायच्या, दीड हात खोल, आणि जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर तळ बांधायचा. उंच का? एक तर उकरणाऱ्यांचा प्रश्नच मिटतो. कोल्हा, घूस खाली राहतात. दुसरं, आपल्याकडे पाऊस कसा पडतो ते माहीत आहे, जमिनीवरच्या खुराड्यात पावसाळाभर चिखल आणि शीट एक होतं, पाखरं आजारी पडतात. उंचावर तळ असला की शीट खाली पडतं, सकाळी गोळा करून खड्ड्यात टाकायचं, वांग्या-मिरच्यांना चांगलं खत होतं.

मेढी कुठून आणायच्या? हे नीट ऐका. नवीन झाड तोडू नका. घर शाकारताना, नवं बांधताना जुनी मेढ, जुने वासे निघतात ते वापरा. खुराड्यासाठी चार लाकडं तोडली आणि कुणी बघितलं तर केस होईल, आणि मग दाव्याच्या वेळी तेच पुढं करतील की हे बघा, हे जंगल तोडणारे. बांबू परसातल्या बेटातला किंवा बांधावरचा घ्या. कारवी तर आहेच. सात-आठ वर्षांनी फुलते आणि मग वाळून जाते, त्या वर्षी वाळलेल्या काठ्या मिळतात. आणि खुराडं गावठाणात घराजवळ बांधा, प्लॉटवर नको. प्लॉटवर नवं काही उभं दिसलं की नवीन अतिक्रमण म्हणून मोडायला येतात, आणि रात्री तिथं राखायला तरी कोण आहे?

मेढीवरून उदमांजर चढेल ना? चढेल. म्हणून गोड्या तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा दुकानदाराकडून मागून आणा. तळ आणि झाकण कापून डबा उघडा, सपाट करा, दोन तुकडे करा, एकेक तुकडा मेढीभोवती गुंडाळून खिळे मारा, तळाच्या बरोबर खाली. पत्र्यावर नखं लागत नाहीत, जनावर घसरतं. दोन डबे चार मेढींना पुरतात. पण आम्ही हे सगळं केलं आणि कोंबड्यांना चढायला जी फळी लावली होती ती रात्री तशीच राहिली. म्हणजे चोराला शिडी लावून ठेवली. दार लावलं की फळी काढायची. आणि खुराड्याखाली सरपण रचायचं नाही. मला माहीत आहे, जागा मोकळी दिसली की हात शिवशिवतात. पण सरपणात साप राहतो, आणि रचलेल्या लाकडांवरून जनावर सरळ तळाला पोचतं, मग पत्रा कशाला मारला? झाडाची फांदीही वर येता कामा नये. चार-पाच हात लांब असू दे.

तळ बांबूच्या कामट्यांचा. कामट्या जवळ जवळ, मधे अर्ध्या बोटाची फट. शीट पडायला तेवढी पुरते. खालून आडवे बांबू टाकून प्रत्येक कामटी दोन ठिकाणी बांधायची. सुतळीनं बांधू नका, घूस-उंदीर कुरतडतात, आणि एका पावसाळ्यात कुजते. बांधायची तार थोडी आणा, ती वजनावर मिळते.

भिंत. खाली दोन फूट कारवीचा कुड, दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपलेला. वरचा दीड फूट लिंपायचा नाही, तिथं कामट्या विणायच्या, उभ्या-आडव्या, हवा जायला. हवा पाहिजेच. सगळं बंद केलं तर शिटाच्या वासानं कोंबड्यांचे डोळे सुजतात, घसा धरतो. पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूला पोतं लावायचं. दार पूर्वेला ठेवलं तर आपला पाऊस तोंडावर येत नाही आणि सकाळचं ऊन आत जातं.

जाळी घ्यावी का असं विचारतील. बाजारात ती षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते, तिला कोंबडीची जाळीच म्हणतात. ती कोंबडी आत ठेवते हे खरं. पण कुत्रा-कोल्ह्यानं दात लावले की फाटते, आणि मुंगसाला तिची मोठी भोकं चालतात. पैसे असतील तर बारीक चौकोनी, वेल्डिंग केलेली, अर्धा इंच भोकाची जाड जाळी थोडीच घ्या आणि फक्त हवेच्या जागी लावा. पैसे नसतील तर कामट्याच बऱ्या. पातळ जाळीवर पैसे घालवू नका. आम्ही घालवले.

छप्पर. इथंच आमचं चुकलं होतं, म्हणून सावकाश सांगते. पेंढा, पळसाचा पाला, नळे, काहीही घाला, ते पावसासाठी. जनावरासाठी त्याच्याखाली वेगळं ताट पाहिजे. कामट्यांचं ताट विणायचं, चटईसारखं, अर्ध्या बोटाच्या फटीचं, आणि ते भिंतीच्या वरच्या आडव्या बांबूला चारही बाजूंनी, दर वितीला, तारेनं बांधायचं. कोपऱ्यात दोनदा. कुड आणि छप्पर जिथं मिळतात ती कड बोटानं चाचपून बघायची. वरून कुणी पेंढा उसकटला तरी खाली ताट लागतं. आम्ही दुसऱ्यांदा बांधलं तेव्हा एका सकाळी वरचा पेंढा उसकटलेला दिसला, ताटाला ओरखडे, आत सगळ्या पाखरांची मोजणी बरोबर. त्या दिवशी सासू पहिल्यांदा म्हणाली, जमलं गं.

जमिनीवरच दगडी जोत्याचं खुराडं असेल ज्यांचं, त्यांनी ते मोडायची गरज नाही. भिंतीच्या बाहेरून चारही बाजूंना एक हात रुंद सपाट दगड बसवायचे, जमिनीत थोडे पुरून. उकरणारं जनावर भिंतीच्या पायाशीच उकरायला लागतं, मागं सरून उकरायचं त्याला सुचत नाही. दगड लागला की सोडून देतं. भिंतीखालच्या चरात बोरीची काटी आणि फुटकी खापरं भरली तर घुशीलाही त्रास होतो.

आत बसायला दांडा लावा, मनगटाएवढ्या जाडीचा, तळापासून दीड-दोन फुटांवर. एका कोंबडीला एक वीत जागा. दांडा भिंतीपासून वीतभर आत असावा, बाहेरून पंजा घातला तर पोचायला नको. अंडी घालायला कोपऱ्यात जुनी टोपली, पेंढा घालून. दिवसाची अंडी दिवसाच उचला. रात्री अंडं आत राहिलं की सापाला बोलावणं. दाणाही आत टाकायचा नाही. दाणा सांडला की उंदीर येतो, उंदरामागं साप येतो, आणि साप आला की तो उंदीरच खाईल असं नाही. ह्या साखळीत दाणा टाकणारे आपणच पहिले.

दार लहान ठेवा, पण माणसाचा खांदा आत जाईल एवढं, नाहीतर साफ करता येत नाही. दार चौकटीच्या बाहेरून बसावं, चारही बाजूंनी दोन बोटं चौकटीवर चढलेलं. बिजागरीला पैसे नसतील तर जुन्या टायरच्या पट्ट्या खिळ्यांनी मारा, वर्षानुवर्षं टिकतात. कडी मात्र नीट. दोरीचा फास चालणार नाही. लाकडी आडणा, चौकटीच्या दोन्ही बाजूंना अडकेल असा, आणि त्याला खुंटी. आमच्या सासूच्या डोळ्यांत मोती उतरलाय, तिला संध्याकाळी दिसत नाही. म्हणून आडणा असा केला की हातानं चाचपून कळतं, बसला की खट् आवाज येतो. आवाज नाही आला तर बसला नाही. घरातलं सगळ्यात कमी दिसणारं माणूस जी कडी लावू शकतं ती कडी चांगली.

बांधून झालं की एक परीक्षा घ्यायची. काळोख पडल्यावर पेटता कंदील आत ठेवा, दार लावा, बाहेर सगळे दिवे विझवा आणि चारही बाजूंनी, वरून, खालून बघा. कामट्यांच्या बारीक रेघा दिसतील, त्या राहू द्या. पण जिथं उजेडाचा ठिपका मोठा दिसेल, तिथं अंगठा घालून बघा. अंगठा गेला तर बंद करा. कंदील लवकर काढा, पेंढा पेटायला वेळ लागत नाही. पोरांना ह्या कामाला बोलवा, त्यांना मोठी मजा वाटते आणि त्यांना भोकं आपल्यापेक्षा जास्त दिसतात. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हे करायचं, कारण माती गळते, कामटी कुजते.

(एक भाऊ : कुत्रा बांधला तर एवढं कशाला लागतं?)

कुत्रा असावा, भुंकतो. पण बांधलेला कुत्रा बिबट्या नेतो, मग कुत्राही जातो. आणि सोडलेला कुत्रा रात्री आपल्या खुराड्याशी असेल की दुसऱ्या पाड्यावर, हे त्यालाच माहीत. (हशा) कुत्रा जागं करतो. उठायचं तुम्हालाच.

आता पिलांचं थोडं. खुडूक कोंबडी बारा-चौदा अंड्यांवर बसवतो आपण, एकवीस दिवसांनी दहा-अकरा पिलं निघतात, आणि महिन्यानं मोजाल तर तीन-चार उरतात. बाकीची कुठं जातात? बहुतेक दिवसाउजेडी जातात, आपल्या डोळ्यांसमोर, घार, शिकरा, मुंगूस, कावळा. पहिले तीन-चार आठवडे पिलं आईसकट मोठ्या डालग्याखाली ठेवा, अंगणात, सावलीत, आणि डालगं रोज थोडं सरकवा म्हणजे नवं गवत, किडे मिळतात. सोडाल तेव्हा जवळ दडायला काही असू द्या. करवंदाची जाळी, काट्यांचा ढीग. आई ओरडली की पिलं त्यात शिरतात, घारीला शिरता येत नाही. अंगण झाडून चकाचक ठेवणाऱ्या बायांचीच पिलं जास्त जातात, हे मी बघितलंय.

आणि मानमोडी. मान वाकडी होते, हिरवी पातळ हगवण लागते, दोन दिवसांत पाडाभर कोंबड्या मरतात. त्याला खुराडं काही करू शकत नाही. त्याची लस सरकारी जनावरांच्या दवाखान्यात असते. पिलू आठवड्याचं झालं की थेंब, दीड-दोन महिन्यांनी सुई. एक बाटली शंभर कोंबड्यांची असते, उघडली की ठेवता येत नाही. म्हणून एकटीनं जाऊ नका, पाड्याच्या कोंबड्या मोजून एकदम जा, आणि बर्फातून आणा. दवाखान्यात नाही म्हणाले तर संघटनेत कळवा, आपण अर्ज देऊ.

आता विषाचं. त्या नऊ मेल्या तेव्हा आमच्या घरातही बोलणं झालं, मेलेल्या कोंबडीत फवाऱ्याचं औषध भरून ठेवू, येईल ते मरेल. काकांनी थांबवलं. काय होतं, ते मांस आधी खातं आपलं कुत्रं, कधी डुक्कर, आणि लहान पोराचा हात लागला तर? उदमांजर मेलं तरी पुढच्या महिन्यात दुसरं येतं, फट तिथंच आहे. शिवाय १९७२ चा वन्यजीवांचा कायदा आहे. फाशात किंवा विषानं जनावर मेलेलं सापडलं तर अटक होते, आणि आपल्या लढ्याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांना आयतं सापडतं. मोर्च्यात आपण म्हणतो जंगल आमचं. मग त्यातलं उदमांजरही आपल्याच घरातलं झालं. त्याला घरातच ठेवायचं, खुराड्याबाहेर.

शेवटचं. दोन पायांचं जनावर राहिलं. (हशा) हसू नका. माझा सासरा राबाच्या वेळेला दर वर्षी कोंबडा द्यायचा. साहेब यायचे, प्लॉट बघायचे, म्हणायचे, ह्या वर्षी सोडतो. सासरा कोंबडा काढून द्यायचा, वर भाकर आणि मोहाची. त्याला वाटायचं, दंड वाचला. शेजारच्यानं एका वर्षी कोंबडा नाही दिला, दंड भरला, पावती मिळाली. पुढं सरकारनं म्हटलं, ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून कसत असाल तर पुरावा दाखवा. शेजाऱ्यानं पावती दाखवली. आमच्याकडे काय? सासऱ्यानं किती कोंबडे दिले असतील, वीस, पंचवीस? एकाचीही पावती नाही. कागदावर आम्ही त्या प्लॉटवर कधी नव्हतोच. आता म्हाताऱ्यांच्या जबाबावर आमचा दावा चाललाय. सासरा गेला, जबाब द्यायला तोही नाही.

म्हणून आमच्या पाड्यावर बायांनी ठरवलंय. खुराड्याचा आडणा बाई काढेल, दुसरं कुणी नाही. कोंबडं मागायला कुणी आलं तर म्हणायचं, दंड करा, पावती द्या. घाबरायला होतं, मलाही झालं. पण पहिल्या वर्षी चार घरांनी असं म्हटलं, तीन घरांना पावत्या मिळाल्या आणि एका घरी साहेब परत आलेच नाहीत.

आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बायांना एक सांगते. जाताना व्यापारी पाड्यावर येतो आणि कोंबड्या निम्म्या भावात उचलतो, कारण त्याला माहीत आहे की तुम्ही त्या नेऊ शकत नाही. आम्ही गेल्या दोन वर्षांपासून असं करतो : भट्टीवर गेलेल्या तीन घरांच्या कोंबड्या पाड्यावर राहिलेल्या दोन म्हाताऱ्या एका मोठ्या खुराड्यात राखतात. पाखरांच्या पायाला रंगीत चिंध्या बांधलेल्या असतात, घराघराचा रंग वेगळा. अंडी म्हाताऱ्यांची, पाखरं ज्याची त्याची. पहिल्या वर्षी भांडण झालं, एक चिंधी सुटली होती. आता दोन पायांना दोन बांधतो. होळीला घरं परत आली तेव्हा बहुतेक पाखरं होती, वर दोन घरांची पिलंही निघाली होती. मानमोडी आली असती तर सगळी गेली असती, हेही खरं.

रोज दिवेलागणीला मोजायचं, मग आडणा, मग फळी. मोजल्याशिवाय दार लावायचं नाही, कारण बाहेर राहिलेली एक रात्रभर ओरडते आणि सगळ्यांना बोलावते. आमच्याकडे हे काम धाकट्या मुलीकडे आहे. ती दुसरीत आहे, मोजायला तिथंच शिकली.

पुढच्या रविवारी आमच्या पाड्यावर दोन घरांची खुराडी बांधायची आहेत. ज्यांना बघायचं आहे त्यांनी सकाळी भाकर बांधून या. कोयता आपला आपला आणा, बांबू आहे. तेलाचे रिकामे डबे कुणाला मिळाले तर तेवढे घेऊन या, आम्हाला अजून दोन कमी पडतायत.

जिंदाबाद.